दुपारच्या झोपेपुरतं अंतर

चेन्नईतल्या मैलापूरच्या उत्तर माडा रस्त्यावर गोलूच्या, म्हणजे नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर मांडायच्या बाहुल्या विकायला आल्या की आमच्या ऑफिसातला फोन वाजायला लागतो. दशावतार, लग्नाची वरात, दुकान मांडून बसलेला ढेरपोट्या चेट्टियार आणि शेजारी त्याची तितकीच गुबगुबीत बायको. लोक घासाघीस करून एखादा नवा जोड घेतात, वर्तमानपत्रात गुंडाळतात, आणि काहीजण ती पिशवी तशीच हातात धरून आमचा जिना चढतात. मागणी ठरलेली असते. दोन रात्री, जवळपास कुठेतरी, मूल दीड वर्षाचं आहे.

लझ कॉर्नरच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आमचं तीन टेबलांचं ऑफिस आहे. तिथे मी चौदा वर्षं सहली आखते. मूळची मिरजेची. नवऱ्याच्या नोकरीपायी मैलापूरला आले आणि महिन्याभरात 'मामी' झाले. आमच्याकडे मामी व्हायला नणंदेची पोरं लागतात. इथे चाळिशी आणि केसात गजरा एवढ्यावर भागतं. भाजीवाला, रिक्षावाला, ऑफिसातली तिशीतली मुलं, सगळ्यांची मी मामी.

लहान मुलांची ही गिऱ्हाइकं आमच्या धंद्यात कुणाला नको असतात. परदेशाच्या एका टूरमध्ये जे सुटतं ते अशा दहा सहलींत सुटत नाही, आणि फोन मात्र दहापट. मालक ती माझ्याकडे ढकलतात. "मामी बघतील." सुरुवातीला मीही सगळ्यांसारखंच करायची. सकाळी हे देऊळ, दुपारी ते संग्रहालय, संध्याकाळी समुद्र. कागद भरलेला दिसला की गिऱ्हाईक खूश व्हायचं. एकदा एक बाई परत आल्यावर तो कागद घेऊन मुद्दाम आली. पहिल्या दिवशीच्या दुपारपर्यंतच्या ओळींवर तिने टिक केली होती, खाली सगळं कोरं. मुलगा त्या दुपारी झोपला नाही. मग रात्री झोपला नाही. मग ती आणि नवरा एकमेकांशी बोलेनासे झाले. "यादी चांगली होती मामी," एवढंच म्हणाली आणि गेली. भांडली असती तर मी विसरले असते.

तेव्हापासून मी 'काय काय बघायचंय' हे विचारणंच सोडलं. माझ्या वहीत प्रश्न वेगळे आहेत. दुपारी किती वाजता झोपतं? किती वेळ? कुशीत, पाळण्यात, की झोळीत? गाडीत डोळा लागतो की उलटी होते? जेवण कितीला? अंघोळीला बादली लागते की शॉवरला रडत नाही? आणि शेवटचा, ज्याने लोक हमखास चपापतात: बरोबर मोठी माणसं किती? मुलांपेक्षा मोठी माणसं एकाने तरी जास्त हवीत. दोन मुलांमागे दोनच मोठी असली की दोघांचेही हात भरलेले, आणि पाण्याची बाटली उघडायला कुणीच नाही.

अंतरं मी किलोमीटरमध्ये मोजत नाही. मैलापूरहून मुट्टुकाडूचं दक्षिणचित्र पंचवीसेक किलोमीटर. जुनी दक्षिण भारतीय घरं उचलून आणून पुन्हा उभी केलेली ती जागा मला फार आवडते. १९९६ साली सुरू झाली. लोकांना वाटतं, एवढं जवळ आहे, मुलांना सोपं. पण दुपारी निघालात तर पोर तिरुवान्मियूरच्या सिग्नलला झोपतं आणि पाऊण तासात तुम्ही दारात. आता उचला त्याला. अर्धी झोप मोडलेलं मूल ज्यांनी सांभाळलंय त्यांना पुढचं सांगायला नको. उलट महाबलीपुरम पंचावन्न-साठ किलोमीटर, दीड तास. थोडे घास भरवून साडेबाराला गाडीत बसवलंत तर पूर्ण एक झोप होते आणि दोनला उठतं ते ताजं उठतं. पुदुच्चेरी दीडशे किलोमीटर: एक झोप आणि वर दीड तास रडणं. येलगिरी तर घाटात चौदा वळणं, वळणांना तमिळ कवींची आणि राजांची नावं. ती नावं वाचण्याच्या अवस्थेत गाडीत कुणीच उरत नाही.

हे झालं अंतराचं. वेळेचं गणित त्याहून अवघड, आणि ते मला इथे येऊन नव्याने शिकावं लागलं. मिरजेला दसरा झाला की आभाळ धुतल्यासारखं होतं. पाऊस संपलेला, शेतं उभी, कोजागरीला गच्चीवर दूध. शरद म्हणजे बाहेर पडायचे दिवस हे अंगात भिनलेलं. मैलापूरला पहिल्या वर्षी त्याच हिशेबाने मी नवऱ्याबरोबर ऑक्टोबरअखेर बाहेर पडले आणि गुडघाभर पाण्यातून परत आले. इथला खरा पाऊस तेव्हाच सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे येण्याची सर्वसाधारण तारीख २० ऑक्टोबरची, आणि चेन्नईच्या वर्षभरातल्या पावसापैकी निम्म्याहून जास्त पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. ऐप्पसीत झड आणि कार्तिगैत मुसळधार, असं इथल्या आज्या म्हणतात. ऐप्पसी हा त्यांचा महिना ऑक्टोबरच्या मध्यावर लागतो.

त्याआधी नवरात्र. शाळांना तिमाही परीक्षेची सुट्टी असते, पण ज्यांच्या घरी गोलू आहे ती घरं हलत नाहीत. रोज संध्याकाळी पायऱ्यांपुढे दिवा, उसळीसारखं सुंडल, आणि हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका. आपल्याकडेही घट बसले की घर बंद करून कोण जातं? म्हणजे उरतं काय, तर विजयादशमीची संध्याकाळ ते पहिला मोठा पाऊस. एखाद्या वर्षी तीन आठवडे मिळतात. २०२४ साली तीन दिवस मिळाले. विजयादशमी १२ ऑक्टोबरला झाली आणि १५ला शाळा बंद, रेड अलर्ट, वेळच्चेरीच्या पुलावर लोकांनी आपापल्या गाड्या बुडू नयेत म्हणून रांगेने नेऊन लावलेल्या. माझं एक कुटुंब त्याच १५ तारखेला निघणार होतं. मी फोन करून थांबवलं. समुद्रकाठच्या हॉटेलने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. म्हणे, हॉटेल उघडंच आहे, तुम्ही या की. त्या दिवसापासून ऑक्टोबरचं कुठलंही बुकिंग मी रद्द करण्याच्या अटी लिहून घेतल्याशिवाय करत नाही. तोंडी आश्वासनाला समुद्रावर काही किंमत नसते.

मग २०२५चा दसरा आला. २ ऑक्टोबर, गुरुवार. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस सलग. आणि सप्टेंबरच्या मध्यावर पुण्याहून खऱ्या भाचीचा फोन आला.

नणंदेची मुलगी. तिला वीस महिन्यांच्या जुळ्या मुली. थोरली धाकटीपेक्षा अकरा मिनिटांनी मोठी आहे आणि ते ती विसरू देत नाही. "मामी, आम्ही दसऱ्याला तुझ्याकडे येतोय. तीन दिवस तंजावर, कुंभकोणम, येताना पाँडिचेरी. तूच आखून दे, तुझं कामच आहे."

तंजावर म्हटल्यावर माझा जीव तुटला. मराठी माणसाला तिथे जावंसं वाटणारच. शिवरायांच्या सावत्र भावाने, व्यंकोजीराजांनी तिथे गादी स्थापली. पुढे सरफोजी महाराजांनी सरस्वती महालातला ग्रंथसंग्रह वाढवला आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा अख्खा इतिहास मराठीत कोरून घेतला. परक्या मुलखात देवळाच्या दगडावर आपली भाषा वाचताना काय होतं, ते मी अनुभवलंय. पण तंजावर इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४पासून साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे दसऱ्याची तिकिटं ऑगस्टच्या सुरुवातीलाच उडालेली. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही हे लोक आनंदाने सांगतात. तिकीट नाही म्हणजे जागाही नाही, हे गाडीत बसल्यावर समजतं. दिवसाच्या गाडीत सहा-सात तास दोन मुली दोन मांड्यांवर. मी नाही म्हणून सांगितलं.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "पण मग एवढ्या लांब येऊन काय बघायचं?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते माझ्या ओळखीच्या एका पाट्टींकडे, म्हणजे आजींकडे होतं. त्या तंजावरी मराठी, वय ऐंशीच्या पुढे, मंदिराच्या तळ्यामागच्या जुन्या घरात राहतात. आमचं मराठी ऐकून त्या हसतात, आणि त्यांचं ऐकताना मला दर तिसऱ्या वाक्याला थांबावं लागतं; शब्द आपले, चाल तमिळ. त्या डांगर पच्चडी करतात. मिरजेला आजी ताकात कालवायची ते उडदाचं डांगरच, फक्त वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी. "तुम्ही आता आलात," असं त्या मला नेहमी सुनावतात, आणि खरंच आहे. मैलापूरला त्यांची माणसं कधीपासूनची. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव उतारवयात इथेच होते, १८९१ साली इथेच वारले. त्यांचे नातलग रघुनाथराव यांच्या मैलापुरातल्या घरी १८८४च्या डिसेंबरात जी बैठक झाली, तिचं नाव काँग्रेसच्या जन्मकथेत येतं. पाट्टी हे असं सांगतात की जणू बैठकीला कॉफी त्यांनीच दिली.

त्यांना मी विचारलं, तुमच्या वेळी लहान मुलांना घेऊन कुठे जायचात? त्यांना प्रश्नच कळला नाही. जायचं म्हणजे आजोळी. रात्रीच्या गाडीने कुंभकोणम, होल्डॉल, पाण्याचा कूजा, सात मुलं. सकाळी स्टेशनवर मामा. त्यानंतर आईला मुलं थेट रात्रीच दिसायची, जेवणाच्या पंगतीत. दिवसभर ती कुणाच्या तरी कडेवर असायची. "आई काय करायची मग?" "झोपायची," पाट्टी म्हणाल्या. "पहिले दोन दिवस नुसती झोपायची."

मी ऑफिसात येऊन वही उघडली आणि भाचीच्या नावासमोर 'महाबलीपुरम, २ रात्री' लिहिलं. मोठी माणसं: दोन. मुलं: दोन. हिशेब चुकत होता. खाली तिसरं नाव माझं लिहिलं आणि मालकांकडे दोन दिवसांची रजा मागितली. चौदा वर्षांत माझ्याच आखलेल्या सहलीला मी पहिल्यांदाच जाणार होते.

तयारी माझ्या हातची होती, त्यामुळे मी निर्धास्त. भाचीला सांगितलं होतं, मुलींची दुपटी धुऊन आणू नकोस. तिला किळस आली. पण नव्या खोलीत मुलाला झोप लागते ती ओळखीच्या वासावर. धुतलेलं दुपटं हे त्याच्या लेखी दुसऱ्या कुणाचं तरी असतं. कचेरी रस्त्यावरच्या डब्बा चेट्टीच्या दुकानातून वेखंडाचा एक तुकडा आणून ठेवला. तमिळमध्ये वेखंडाला 'पिळ्ळै वळर्प्पान' म्हणजे मूल वाढवणारा असंही नाव आहे. डॉक्टर पोटात देऊ नका म्हणतात आणि त्यांचं ऐकावं; मी तो फक्त उगाळून पोटावर लावायला घेते, थोडा मुलांसाठी आणि बराचसा स्वतःच्या समाधानासाठी. ओआरएसची पाकिटं, थर्मास, प्लास्टिकची बादली. हॉटेलला फोन करून तळमजल्याच्या दोन शेजारशेजारच्या खोल्या, बाहेर बसायला ओटा, आणि साडेअकराला वरण-भात मिळेल अशी कबुली घेतली. तिखट नको म्हणून भागत नाही, हे इथे शिकलेय. 'कारम वेण्डाम' म्हटलं की मिरची वगळतात आणि त्या जागी मिरी घालतात. 'मिळगु कूड वेण्डाम' असं वेगळं सांगावं लागतं.

शुक्रवारी साडेबाराला निघायचं होतं. निघालो एक पंचवीसला. दोष सर्वस्वी माझा. दसऱ्याचा दुसरा दिवस, जावई पहिल्यांदा घरी आलेला, आणि मी मिरजेची. पुरणपोळ्या केल्या होत्या. कटाची आमटी, वर बटाट्याची भाजी, कुरडया. "आता एक शेवटची" असं मी त्याला तीनदा म्हणाले. मागे मुलींचे डोळे चोळून झाले, जांभया देऊन झाल्या, आणि मी, जी दर आठवड्याला दोन-चार आयांना झोपेची वेळ चुकवू नका म्हणून बजावते, ती तुपाची वाटी घेऊन उभी. गाडीत बसलो तेव्हा झोप टळून गेली होती. अडयारपर्यंत शांतता. नीलांकरैला धाकटीने सूर लावला, थोरलीने तो उचलला, आणि कोवळमपर्यंत उजवीकडे-डावीकडे काय होतं ते मला सांगता येणार नाही. ड्रायव्हर अण्णांनी एसी वाढवला, मग गाणी लावली, मग बंद केली. भाची मागे दोघींच्या मध्ये बसली होती. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता आणि मी आरशात बघत नव्हते.

हॉटेलात खोल्या दुसऱ्या मजल्यावर निघाल्या. तळमजला एका लग्नाच्या मंडळींना दिलेला. वर बाल्कनी, आणि तिच्या गजांमधून वीस महिन्यांचं डोकं सहज जाईल एवढी फट. मी खाली काउंटरवर जाऊन जे काही बोलले ते तमिळमध्येच बोलले, कारण रागावायला मला आता तीच भाषा सुचते. उपयोग झाला नाही. मग सोफा ढकलून बाल्कनीच्या दाराला लावला, पलंगावरच्या गाद्या उतरवून फरशीवर जोडून टाकल्या, चहाची किटली कपाटाच्या वर, टेबलाचे कोपरे टॉवेलने बांधले. जावयाने निमूटपणे सगळं केलं. माणूस चांगला आहे. न धुतलेल्या दुपट्यांत तोंड खुपसून मुली साडेपाचला झोपल्या, म्हणजे नको त्या वेळी, आणि रात्री साडेअकरापर्यंत फरशीवरच्या गाद्यांवर उड्या मारत बसल्या.

शनिवारी सकाळी वडनेम्मेलीची मगर बँक. रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ साली सुरू केलेली, सोमवारी बंद असते, बाकी दिवस मी डोळे मिटून सुचवते. तिथे शेकडो मगरी असतात आणि त्या एक इंचही हलत नाहीत. मुलींना ते दगड वाटले. एका झाडाखाली माळी रबरी नळीने पाणी घालत होता आणि नळीला जिथे बारीक भोक होतं तिथून कारंजं उडत होतं. पस्तीस मिनिटं आम्ही त्या भोकापाशी होतो. जावई तेवढ्यात एकटाच आत जाऊन सगळं बघून आला. आधीची मी असते तर हळहळले असते. साडेअकराला वरण-भात, मिरी न घातलेला. बाराला गादीवर. पावणेदोनला दोघी हसत उठल्या. आदल्या दिवशीचं सगळं फिटलं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर गावात गेलो. पाथरवटांच्या छिन्नीचा टकटक आवाज रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी येत होता. थोरली त्यावर गुडघे वाकवून नाचली. कृष्णाच्या लोण्याच्या गोळ्याखालच्या उतारावर गावची पोरं घसरगुंडी करत होती, कितीतरी पिढ्यांनी घासून तो खडक आरशासारखा केलाय. शेळ्याही होत्या. जावई थोरलीला घेऊन शेळ्यांच्या मागे गेला. धाकटी माझ्या खांद्यावर होती आणि चालता चालता, कुठल्याच वेळापत्रकात नसताना, तिची मान माझ्या गळ्याशी पडली.

मी आणि भाची अर्जुनाच्या तपश्चर्येच्या भव्य शिळेशेजारच्या कृष्ण मंडपात शिरलो. सातव्या शतकातलं पल्लवांचं काम. गोवर्धन उचललेला कृष्ण मध्यभागी, पण मला तिथे नेहमी बघायची असते ती बाजूची गाय. गवळी खाली बसून धार काढतोय आणि गाय मान वळवून वासराला चाटतेय. दगडात जीभसुद्धा मऊ वाटते. लोक कृष्णाचा फोटो काढतात आणि निघतात. मी हळू आवाजात भाचीला ती गाय दाखवली.

ती समोर जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की तिला आपले हात कुठे ठेवावेत ते सुचत नाहीये. आधी कमरेवर ठेवले, मग ओढणीचं टोक धरलं, मग सोडलं. वीस महिने त्या हातांत सतत कुणीतरी होतं. शेवटी तिने ते पाठीमागे बांधले, शाळकरी मुलींसारखे, आणि तशीच उभी राहिली. माझा खांदा भरून आला होता, धाकटीची लाळ ब्लाउजवर उतरत होती, आणि मी जागची हलले नाही. किती वेळ, ते सांगता येत नाही. घड्याळ ज्या हातात होतं तो हात अडकलेला होता. मंडपातली इतर माणसं दोनदा बदलली.

"ही चाटतेय म्हणून तिला दूध काढलेलं कळत नाहीये," भाची बऱ्याच वेळाने म्हणाली. पुढे काही नाही.

रात्री मुली आठला झोपल्या. लहान मुलांबरोबरच्या सहलीतली रात्र ही अशी असते की आठ वाजता दिवे घालवायचे आणि मोठ्या माणसांनी अंधारात कुजबुजत, मोबाइलचा उजेड हाताने झाकत बसायचं. म्हणून तर मी ओटा मागते. तो तळमजल्यावर लग्नवाल्यांकडे होता. आम्ही तिघं बाहेरच्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो, दार किलकिलं ठेवून. जावयाने खालून तीन ग्लास दूध आणलं, साखर मरणाची. कोजागरी सोमवारी होती. जावई पाचव्या मिनिटाला भिंतीला टेकून घोरायला लागला.

"तंजावर कधी मग?" भाचीने विचारलं.

मी मनात हिशेब केला. दुपारची झोप सुटेल तेव्हा. साडेतीन, चार वर्षं. स्वतःची सीट असेल, खिडकीची. मोठं देऊळ बघून 'केवढं' म्हणता येईल. तोवर मी आहेच. "सत्तावीसच्या डिसेंबरात," मी म्हटलं. "साठ दिवस आधी सकाळी आठला तिकिटं काढू."

रविवारी मी कुणालाही पोळी आग्रहाने वाढली नाही. अकराला जेवण, साडेबाराला गाडी. पाच मिनिटांत दोघी गाढ. येताना वाटेत दक्षिणचित्रला थांबायचं ठरलं होतं, वहीत तसं लिहिलंही होतं. फाटक जवळ आलं तसं अण्णांनी वेग कमी करून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि ते पुढे गेले. तिरुवान्मियूर, अडयार, सॅनथोम. मैलापुरात शिरलो तेव्हा दोन वाजायला दहा मिनिटं कमी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका टेम्पोने हॉर्न दिला, धाकटी चुळबुळली आणि पुन्हा थंड झाली. अजून निदान वीस मिनिटांची झोप तिच्या नावावर शिल्लक होती.

"घरी नको," मी अण्णांना म्हटलं. "लाइटहाउसकडे घ्या."

दीपगृह, मरीनाचा रस्ता, वळसा, सॅनथोमचं पांढरं चर्च, पुन्हा दीपगृह. रविवारच्या दुपारी रस्ता मोकळा होता. जावई पुढे बसून खिडकीतून चेन्नई बघत होता. तीन दिवसांत त्याला दिसलेलं शहर एवढंच. दुसरा वळसा झाला तेव्हा अण्णांनी काही न विचारता गाडी पुन्हा समुद्राकडे वळवली. त्यांनाही तीन मुलं आहेत. मी मागे पाहिलं. थोरलीचा पाय भाचीच्या मांडीवर, धाकटीचं दुपटं तिच्या मुठीत, आणि भाचीचं तोंड किंचित उघडं.

तिघीही झोपल्या होत्या.

"इन्नोरु रौंडु, अण्णा," मी हळूच म्हटलं.